आम्ही उपटलेले दोनशे चौदा खिळे

झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा, पट्ट्याच्या वर खिळा, खिळ्याला आकडा कोरलेला पत्र्याचा बिल्ला आणि शेजारी खडूची मोठी फुली. असं झाड दिसलं तर तुम्ही काय समजाल? खरं सांगा. मनातल्या मनात सांगा, मला ऐकू येणार नाही.

कापणार, हेच ना?

मीही तेच समजले. माझ्याकडे कारणही होतं. रस्ता रुंद करणाऱ्यांनी आजवर तीन वेळा आपल्या झाडांना असे पट्टे मारले आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत करवत आली. दोनदा आपण हरलो, तिसऱ्यांदा करवतीपुढे बसून जिंकलो. तेव्हापासून लाल पट्टा दिसला की माझं डोकं तापतं. तसं ते तापायला पट्टाच लागतो असं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पण हा लेख माझ्या डोक्याबद्दल नाही. ज्या माणसाला मी चारचौघांत नागवं केलं, त्याच्याबद्दल आहे. आपल्या झाडं वाचवणाऱ्या गटाच्या पत्रकाच्या मागच्या अंकात पहिल्या पानावर त्यांची बदनामी छापली होती, म्हणून हाही पहिल्याच पानावर घेतला आहे.

विद्यार्थी त्यांना काठीमास्तर म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे काठीमास्तर. गावाच्या मागच्या उतारावर वनप्रशिक्षण केंद्र आहे, तिथे ते एक्केचाळीस वर्षं कामाला आहेत. कागदावर वनमजूर. एकोणिसाव्या वर्षी रोपवाटिकेत खड्डे खणायला लागले आणि कागदावर अजून खड्डेच खणताहेत, कारण शाळा अर्धवट आणि बढतीला दाखला लागतो. प्रत्यक्षात मात्र केंद्रात जो कोणी शिकायला येतो, कॉलेजातली पोरं असोत की संशोधन सुरू करणारे मोठे पदवीवाले, त्याला पहिले पंधरा दिवस यांच्या हवाली करतात. जंगल वापरायचं पण संपवायचं नाही, हे शिकवायला. वर्गातले साहेब पाटीवर आकडेमोड करतात आणि उतारावर आले की हळूच विचारतात, "काका, हे कुठलं हो?"

काठीची गोष्ट अशी. झाडाचा घेर मोजायचा तर छातीच्या उंचीवर मोजतात, असं पुस्तकात असतं. नवा विद्यार्थी टेप घेतो आणि स्वतःच्या छातीशी धरतो. उंच पोरगा वर धरतो, ठेंगणी पोरगी खाली. मग काठीमास्तर म्हणतात, "जंगलात तुझी छाती चालत नाही बाळा, काठीची चालते." आणि एक मीटर सदतीस सेंटिमीटरची गुळगुळीत काठी बुंध्याला टेकवतात. सगळा वर्ग हसतो. दरवर्षी तोच विनोद, दरवर्षी तेच हसू. पहिल्या दिवशी मात्र पोरं टरकलेली असतात, कारण नावावरून त्यांना वाटतं की मास्तर काठीनं मारतात.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं. म्हणजे, माहीत करून देत होते. मी घेतलं नाही.

झालं असं. सकाळी फिरायला जाणाऱ्या एका आजोबांचा मला फोन आला, की उतारावर दोनशे झाडांना पट्टे आणि आकडे आहेत, आणि काहींवर ताज्या फुल्या. मी दुपारी जाऊन पाहून आले. खरंच होतं. संध्याकाळपर्यंत निरोप फिरवला की रविवारी सगळ्यांनी तारेचे ब्रश आणि पकडी घेऊन यायचं. आपण पट्टे घासून काढू, खिळे उपटू, बघू कोण कापतं ते.

गुरुवारी काठीमास्तर माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले. हातात ती काठी. पुढे दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा मी वर न बघता विचारलं, "किती प्रती?"

"प्रती नकोत, ताई. बोलायचं होतं. उतारावरचे पट्टे कापायला नाहीत, मोजायला आहेत. मी केंद्रात असतो."

"आणि फुल्या?"

"त्या पोरांच्या. शिकायला मारतात. शुक्रवारी ओल्या फडक्यानं पुसून टाकतो."

"काय शिकायला?"

"झाड काढायला."

"म्हणजे कापायला शिकवता?"

"हो," ते म्हणाले. "कुठलं काढायचं, कुठलं ठेवायचं आणि का."

या वाक्यातलं फक्त 'हो' माझ्या कानात शिरलं. पुढचं सगळं बाहेर राहिलं. मी विचारलं, "कुणी पाठवलंय? ठेकेदारानं की साहेबानं?"

"कुणी नाही. माझी जेवणाची सुट्टी आहे."

"मग जेवा जाऊन!"

दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मला ते हसू आवडलं.  काठीमास्तरांनी काउंटरवरचे सांडलेले कागद सरळ करून ठेवले आणि ते गेले. कागद का सरळ केले, कोण जाणे. हाताला सवय असेल.

रविवारी आपण एक्केचाळीस जण होतो. तुमच्यातले बरेच जण होते, नावं घेत नाही. उतारावर आपण पोचलो तेव्हा काठीमास्तर सोळा विद्यार्थ्यांना घेऊन तिथे उभे होते. त्यांनी कुणालाच अडवलं नाही. मी एका दगडावर चढले आणि बोलायला लागले. बोलता बोलता त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा बघा! आयुष्यभर जंगलाचं खाल्लं आणि आता पोरांना कापायला शिकवतोय! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो हाच!"

साठीच्या माणसाला मी अरेतुरे केलं. त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

विद्यार्थ्यांतली एक चष्मेवाली मुलगी तरातरा पुढे आली. ती संशोधन करते, त्याच झाडांवर. काठीमास्तरांनी तिला पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यानं धरून मागे घेतलं. मग मला म्हणाले, "ताई, रंग घासायचा तर घासा. खिळे तेवढे राहू द्या."

"खिळे झाडाला टोचतात, तुम्हाला नाही!" मी म्हणाले. पुन्हा टाळ्या.

"बरं. मग कुठल्या झाडाचा कुठला, ते तरी वेगळं ठेवा."

मी पाठ फिरवून ब्रश उचलला. तीन तासांत दोनशे चौदा झाडं घासली, दोनशे चौदा खिळे उपटले. जखमांवर ओल्या मातीचा लेप दिला, जसं काही आपण वैद्यच. बिल्ले पोत्यात भरले आणि शेवटी बक्षीस म्हणून वाटले. "घरी न्या, नातवंडांना दाखवा," असं मी म्हणाले. अठ्ठ्याऐंशी नंबरचा बिल्ला मी माझ्या शटरच्या किल्लीला लावला.

दुसऱ्या दिवशी केंद्राकडे अर्ज टाकला, की झाडं तोडण्याचा आदेश दाखवा. शत्रू पडला तरी त्याच्या खिशातला कागद काढून घ्यायचा, हे मी झेरॉक्सच्या मशीनशेजारी उभी राहून शिकले आहे. लोक कागद टाकून चहाला जातात, मी वाचते. सातवीनंतरचं माझं सगळं शिक्षण तेवढंच.

उत्तर आलं. असा कोणताही आदेश नाही, कधीही नव्हता. सोबत मोजणीच्या वह्यांच्या तीनशे बारा पानांच्या प्रती. मला वाटलं, कागदात बुडवून मारायची जुनी युक्ती. मी पट्टी घेतली आणि ओळीखाली धरून पहिल्या पानापासून वाचायला बसले. चूक सापडेल याची खात्री होती.

सत्तावीस वर्षं. दरवर्षी पानगळ सरल्यावर तोच एक आठवडा, तीच झाडं, त्याच पट्ट्यावर मोजलेला घेर. सुरुवातीची अक्षरं एका बाईंची, गोल आणि घाईची. शास्त्रज्ञ होत्या, त्यांनी मोजणीसाठी उतारावरचा तो तुकडा आखला. तेव्हा दोनशे चाळीस झाडं होती आणि टेपचं टोक धरायला त्यांनी रोपवाटिकेतला एक मजूर मागून घेतला होता. चौथ्या वर्षापासून अक्षर बदलतं. वाकडंतिकडं, दोरीवरून घसरलेल्या कपड्यांसारखं, आणि बाजूला बाईंच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या. सातव्या वर्षी दुरुस्त्या संपतात.

आकडे मला कळत नव्हते. समासातल्या ओळी कळत होत्या. "ताप. ११२ पर्यंत. उरलेली उद्या." "मुलगी झाली. सकाळी ४० झाडं, मग गेलो." "६७ वाऱ्यानं पडलं. आडव्याचा घेर घेतला." "बाई वारल्या. मोजणी चालू." एका ठिकाणी लिहिलं होतं, "विद्यार्थ्यानं १५१ ची फांदी मोडली. फार बोललो त्याला. नको होतं."

शेवटच्या पानावर आपल्या रविवारची तारीख होती. "पाहुणे आले. पट्टे व खिळे गेले. मी समजावून सांगण्यात कमी पडलो."

मी ते वाक्य पट्टी काढून पुन्हा वाचलं. बाहेर कुणीतरी "ताई, दोन्ही बाजूंनी हवं" म्हणत होतं. मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिले. मला शिव्या पचतात. पोलिसांच्या पचल्यात, ठेकेदारांच्या पचल्यात, माझ्या सख्ख्या भावाच्याही. पण हे वाक्य पचेना. 'पाहुणे' म्हणाले होते आपल्याला.

तुम्हाला वाटेल मी लगेच धावत गेले असेन. नाही. तीन दिवस गेले नाही. माफीची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात कुठूनतरी माझीच बाजू डोकावत होती. 'माझ्या जागी कुणीही असतं तरी.' 'तुम्ही तेव्हा नीट सांगितलं असतंत तर.' चौथ्या दिवशी वाक्यं टाकून दिली आणि गेले.

रोपवाटिकेच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. दारात कुंड्या, आत शिलाई मशीन. त्यांच्या पत्नी मशीनवर होत्या. मला बघून पाय थांबवला.

"आलात? आता काय उपटायचं राहिलंय? कुंडीत पुदिना आहे, तेवढा बघा."

"वहिनी, मी..."

"बसू नका, खुर्चीवर कपडे आहेत. हे उतारावर आहेत. झाडांना चाचपतात दिवसभर, आंधळ्यासारखे." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आमच्या मुलीचं लग्न मोजणीच्या आठवड्यात येत होतं. ह्यांनी व्याह्यांना सांगितलं, झाडं थांबणार नाहीत, मुलगी थांबेल. तेव्हा मी आठ दिवस बोलले नव्हते यांच्याशी. त्या झाडांचा मला इतका राग. आणि त्या रविवारी हे घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली, आणि मी त्या मेल्या झाडांसाठी रडले. हे नाही रडले, मी रडले. जा आता."

मी गेले.

काठीमास्तर एका झाडाला मिठी मारल्यासारखे उभे होते, डोळे मिटून, बोटं सालीवरून सरकवत. चष्मेवाली शेजारी वही घेऊन. तिनं मला आधी पाहिलं.

"काका, त्या आल्यात."

"कोण त्या?"

"भाषणवाल्या."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोट एका जागी थांबलं. "सापडलं. लिही," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

मला 'चुकलं' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मला माहीत नव्हतं."

"सांगितलं होतं की तुम्हाला!" चष्मेवाली म्हणाली. "जेवण सोडून सांगायला आले होते काका."

"तू लिही," काठीमास्तर म्हणाले. आणि मला टेपचं टोक दिलं. "हे धरा. सैल सोडू नका."

मी धरलं. एवढंच झालं. माफी मी पुढच्या तासाभरात मागितली, अडखळत, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना. ते "हं" म्हणाले. ते 'हं' माफ केल्याचं होतं की ऐकल्याचं, मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमत नाही.

काम असं होतं. प्रत्येक खिळा पट्ट्याच्या बरोबर तीस सेंटिमीटर वर ठोकलेला होता. रंग उडाला तर खिळ्यापासून खाली मोजायचं आणि पट्टा परत काढायचा. रंग गेला तर खिळा आहे, ही बाईंची अक्कल. रंग आणि खिळा दोन्ही एकाच दिवशी जातील, हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. आता ते खिळ्याचं भोक शोधत होते. ज्या झाडाची साल घट्ट, तिथे सापडत होतं. ज्यांची साल सोलून पडते, तिथे भोकही सालीबरोबर गेलं होतं. काही ठिकाणी आपल्या मातीच्या लेपानं बुजलं होतं. कुठलं झाड कितवं, हे नकाशावरून लागत होतं. पण पट्टा नेमका कुठे होता, हे नकाशा सांगत नाही.

"मग काठी टेकवून नव्यानं का नाही काढत?" मी विचारलं.

"जमीन तीच राहिली नाही," ते म्हणाले. "उतार आहे. कुठे माती वाहून गेली, कुठे पाला साठला. शिवाय गाठ आली म्हणून काही पट्टे वर सरकवलेले. दोन बोटं इकडेतिकडे झाली की झाडाची दोन वर्षांची वाढ त्यात गडप. मग सत्तावीस वर्षं आणि पुढची वर्षं यांचा सांधा जुळत नाही." वही चाळत म्हणाले, "पट्ट्यांची उंची मी वहीत लिहून ठेवायला हवी होती. राहिलं."

म्हणजे चूक पुन्हा त्यांचीच. मला त्या क्षणी कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी पाणी प्यायला बसलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "इथलं एक झाड काढायचं झालं, तर कुठलं काढाल?"

"एकही नाही," मी ताडकन म्हणाले.

"बरं." वाद घातला नाही. समोरच्या मोठ्या झाडाखाली बोट दाखवलं. "तिथली लहान रोपं मोजा."

सहा होती. सगळी एकाच बाजूला वाकलेली, रांगेत उभं राहून खिडकीतून डोकावणाऱ्या माणसांसारखी. ती उजेडाकडे वाकली होती आणि उजेड मोठ्यानं अडवला होता. मोठं झाड आतून पोकळ होतं, हे त्यांनी काठीनं ठोकून ऐकवलं.

"मग हे मोठं काढायचं?" मी विचारलं.

"नाही. पोकळीत घुबड राहतं. त्याच्या शेजारचं काढायचं. पण ते तुम्हाला आज दिसणार नाही." मग चष्मेवालीकडे बघून म्हणाले, "हिलाही पहिल्या दिवशी दिसलं नव्हतं. नवी पोरं एकतर एकही नको म्हणतात, नाहीतर वाकडी तेवढी सगळी काढून टाकू म्हणतात. पंधरा दिवसांनी एकेका झाडापाशी अर्धा अर्धा तास उभी राहतात. मी तो अर्धा तास शिकवतो. दुसरं काही येत नाही मला."

"काका, मी पहिल्या दिवशी सरळ झाडांना फुल्या मारल्या होत्या," चष्मेवाली म्हणाली. "कापायला सोपी म्हणून."

"अगं, ते सांगू नकोस, त्या छापतील."

दोघं हसली. मीही हसले, पण ती छापण्याची भीती खरी होती.

झाडं वाचवते म्हणून मी वीस वर्षं मिरवते. त्या दिवशी कळलं की त्या उतारावरच्या एकाही झाडाचं नाव मला सांगता येत नाही.

आता खरी अडचण सांगते, ती ऐका. काठीमास्तर या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होताहेत. जाण्याआधी अठ्ठाविसावी मोजणी करून, वही आणि काठी चष्मेवालीच्या हातात देऊन जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. पण केंद्राच्या संचालकांनी लिहून दिलंय, की मोजणीच्या दिवसापर्यंत किमान दोनशे झाडांचे पट्टे खात्रीनं जागेवर लागले नाहीत, तर मालिका तुटली असं धरायचं. मग तो तुकडा प्रशिक्षणाच्या यादीतून बाद. आणि बाद झालेल्या जागेवर विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधायचा प्रस्ताव चार वर्षांपासून तयार आहे.

वसतिगृह म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. करवत येईल. खरीखुरी, आदेशासकट.

मी संचालकांकडे भांडायला गेले. सवयच आहे. टेबलावर हात आपटायच्या बेतात होते. संचालक म्हणाले, "ताई, बसा," आणि फाईल उघडली. वरच आपलं पत्रक होतं. 'झाडं वाचली!' हा माझा मथळा, त्याखाली माझा मुठीचा फोटो आणि 'या उतारावर मोजणीचं नाटक पुन्हा होऊ देणार नाही' हे माझं वाक्य, पिवळ्या पेनानं अधोरेखित केलेलं.

"स्थानिक लोकांचा या तुकड्याला विरोध आहे, याचा पुरावा म्हणून लावलंय," ते म्हणाले. "तुमचंच आहे ना?"

सरकारी कचेरीतून मी टेबलावर हात न आपटता बाहेर पडले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

तेव्हापासून दुकान दुपारपर्यंत बंद ठेवते आणि उतारावर जाते. टेपचं टोक आता सैल सुटत नाही. विद्यार्थी माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांची काही चूक नाही. परवा एकानं दुसऱ्याला हळूच विचारलं, "दांडा म्हणाल्या होत्या त्या याच का?" मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. काठीमास्तरांनीही ऐकलं. त्यांनी त्या पोराला दुसऱ्या टोकाला पाठवलं. माझ्यासाठी पाठवलं की मोजणीसाठी, देव जाणे.

काल सकाळपर्यंत एकशे शहात्तर पट्टे लागले होते. भोकं जिथे सापडायची होती तिथे सापडली. चोवीस कमी होते आणि मोजणीला आता बारा दिवस उरलेत.

काल चष्मेवालीनं आपला तो अंक आणला. मला वाटलं, टोमणा मारायला. तिनं भिंग काढलं आणि माझ्या मुठीवर धरलं. मुठीच्या मागे एक झाड आहे. घासायच्या आधीचं. त्याचा लाल पट्टा दिसतो, पट्ट्याखाली एक वाटोळी गाठ दिसते. ती फोटो घेऊन झाडापाशी गेली, गाठ सापडली, आणि गाठीपासून पट्टा किती वर ते काठीमास्तरांनी काढलं. तीन वेळा ताडून पाहिलं, मग लाल रंगात बोट बुडवलं. एकशे सत्त्याहत्तर.

म्हणून हे लिहायला बसले आहे. मला माफ करा असं तुमच्याकडे मागत नाही, तुमचा मी काही गुन्हा केलेला नाही. उलट तुम्हाला माझ्या गुन्ह्यात ओढलं. तुमच्यातले काही जण फोन करून म्हणाले, "ताई, आता माघार घेतली तर आपली किंमत राहणार नाही." आपली किंमत त्या उतारावर एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांनी मोजली जाते आहे. जिला राहायचं ती राहील.

त्या रविवारी आपण सगळ्यांनी फोटो काढले होते. ब्रश हातात घेऊन, पट्ट्यासमोर उभं राहून, घासायच्या आधी. मला आठवतंय, कारण मीच ओरडले होते की आधी फोटो, मग काम. ते फोटो तुमच्या फोनमध्ये असतील. नसतील तर ज्यांना पाठवले त्यांच्याकडे असतील, बहिणीकडे, जावयाकडे, कुणाकडेही. शोधा. माझ्याकडे पाठवू नका. फोन घेऊन स्वतः केंद्राच्या फाटकाशी या, सकाळी आठ ते पाच काठीमास्तर तिथेच असतात, आणि शक्य असेल तर तुम्ही घासलेल्या झाडापाशी त्यांच्याबरोबर उभे राहा. बिल्ला नेला असेल तर तोही आणा. फोटो कापू नका, उजळवू नका, आहे तसाच द्या. तुमचा चेहरा वाईट आला असेल तरी चालेल. मागचं झाड आम्हाला द्या.